औषध दुकानातल्या नव्या नोकरीत सक्तीचं ट्रेनिंग चुकलं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषध दुकानात नव्याने कामाला लागलेल्यांकडून, आणि अधूनमधून त्यांच्या मॅनेजरांकडूनही, हे प्रश्न सतत येत असतात. शब्द वेगवेगळे असले तरी काळजी एकच असते: सत्र बुडालं, आता काय? उत्तरं अशी लिहिली आहेत की कोणतंही एक वाचलं तरी काम भागावं. जिथे दोन प्रश्नांचा संबंध येतो तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर १ आणि ५ आधी वाचा.

१. सकाळचं ट्रेनिंग चुकलं. आता सगळ्यात आधी काय करू?

आत्ता, आजच कळवा. ज्यांच्या हाताखाली लागला आहात त्यांना, म्हणजे स्टोअर मॅनेजरना किंवा मुख्य फार्मासिस्टना, थेट फोन करा. उचलला नाही तर मेसेज टाका आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करा. बरोबरच्या कुणाकडे ‘तेवढं सरांना सांग’ असा निरोप ठेवून मोकळे होऊ नका. निरोप पोचलाच नाही, तर न कळवल्याची नोंद तुमच्याच नावावर होते.

एवढी घाई कशासाठी, असं वाटेल. मॅनेजरना लगेच दोन गोष्टी ठरवायच्या असतात: तुम्हाला पुढच्या कोणत्या बॅचमध्ये बसवायचं आणि तोवर तुमची ड्युटी कुठे लावायची. उद्याचं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) तुम्ही ट्रेनिंग घेतलं आहे असं धरून लागलेलं असतं. उद्या संध्याकाळच्या गर्दीत तुम्ही काउंटरवर एकटे उभे असाल, हे त्यांनी गृहीत धरलेलं असू शकतं. तुम्ही आज बोललात तर ते बदलता येतं. दोन दिवसांनी हजेरीपटावरून कळलं, तर मधल्या दोन दिवसांत तुमच्याकडून काय काय दिलं गेलं ते शोधत बसावं लागतं.

फोन झाल्यावर तेच त्याच दिवशी लेखीही कळवा.

२. मेसेजमध्ये नेमकं काय लिहू? फार माफी मागितली तर वाईट दिसेल का?

माफी एका वाक्यात पुरते. खरा मजकूर पुढचा असतो. साधारण असं लिहा:

‘नमस्कार मॅडम. आज १० वाजताच्या ट्रेनिंगला मी येऊ शकलो नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. घरी आई अचानक आजारी पडल्याने तिला दवाखान्यात न्यावं लागलं. पुढचं सत्र कधी आहे? त्याआधी वाचायचं साहित्य किंवा ऑनलाइन भाग असेल तर आजपासून सुरू करतो. सत्र होईपर्यंत कोणती कामं करायची नाहीत, तेही कृपया सांगावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाचून मॅनेजरना कळतं की ट्रेनिंग कशासाठी असतं हे या माणसाला समजलं आहे. कारण खरं आणि थोडक्यात सांगा. झोप लागली असेल तर झोप लागली असंच लिहा. औषध दुकानात पुढे तुमच्या शब्दावर साठा, गल्ला आणि कुलूपबंद कपाटाची चावी सोपवायची असते. तो शब्द पहिल्याच आठवड्यात खोटा ठरला तर ते नुकसान एका बुडालेल्या सत्रापेक्षा कितीतरी मोठं आहे.

३. एक सत्र चुकलं म्हणून नोकरी जाईल का?

तुम्ही स्वतःहून कळवलं असेल आणि पुढच्या सत्राला हजर राहिलात, तर बहुतेक ठिकाणी विषय तिथेच मिटतो. फार तर समज मिळते. नोकरी जाते ती बहुधा तीन कारणांनी: न कळवता गैरहजर राहणं, खोटी हजेरी (प्रश्न ६) आणि पुन्हा पुन्हा तेच होणं (प्रश्न १५).

तरी एक लक्षात ठेवा, प्रोबेशनच्या काळात मालकाला नोकरी थांबवणं सोपं असतं. काही नेमणूक पत्रांत ट्रेनिंग पूर्ण करणं ही रुजू होण्याचीच अट असते. तसं असेल तर रुजू व्हायची तारीख पुढे जाऊ शकते. पत्र काढून वाचा.

काही जण लाजेपोटी कामावर जाणंच बंद करतात, फोन उचलत नाहीत. कृपा करून हे करू नका. एका फोनने निस्तरणारी गोष्ट असते आणि चांगली मुलं त्या एका फोनला घाबरून हातची नोकरी सोडतात, हे पाहून फार वाईट वाटतं.

४. मी आधी दुकानात काम केलं आहे, बिलिंग येतं. मग त्या ट्रेनिंगमध्ये एवढं असतं तरी काय?

बिलिंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. बाकीचा भाग असा आहे की तिथली चूक गिऱ्हाईकाला त्या वेळी कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही.

नावांचंच घ्या. मेटफॉर्मिन मधुमेहावरचं, मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गावरचं. हायड्रॉक्सिझीन खाजेवर देतात, हायड्रॅलझीन रक्तदाबावर. घाईत, वाकड्यातिकड्या अक्षरातल्या चिठ्ठीवर किंवा फोनवर ही नावं एकमेकांत सहज मिसळतात. म्हणून अशा जोड्या वेगवेगळ्या खणांत ठेवतात, नावातला वेगळा भाग ठळक अक्षरांत छापतात आणि देण्यापूर्वी दुसऱ्याकडून तपासून घेतात. तुमच्या दुकानात कोणत्या जोड्या कुठल्या खणांत आहेत, हे फक्त तुमच्या दुकानातच शिकता येतं.

मेथोट्रेक्सेट हे दुसरं उदाहरण. संधिवातावर आणि सोरायसिस या त्वचेच्या आजारावर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने जगभरात माणसं दगावलेली आहेत. डोसचं लेबल लिहिताना ‘रोज एक’ हे शब्द सवयीने हातातून निसटू नयेत, यासाठीच त्या सत्रातली दहा मिनिटं असतात.

मग फ्रीज. इन्सुलिन आणि बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही वापरायचं नाही, आणि ते दिसायला अगदी चांगलं वाटू शकतं. फ्रीजच्या दारात किंवा मागच्या भिंतीला चिकटवून माल लावायचा नाही. तापमान ठरलेल्या वेळी पाहून वहीत लिहायचं, आणि ते बघून लिहायचं. काल लिहिलेला आकडा खाली उतरवायचा नाही.

याशिवाय एक्स्पायरी (पाकिटावर फक्त महिना आणि वर्ष असेल तर सर्वसाधारणपणे त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत), आधी संपणारा माल पुढे लावणं, कंपनीने परत मागवलेली बॅच बाजूला काढणं, रुग्णाच्या आजाराबद्दल काउंटरवर मोठ्याने न बोलणं, आणि ‘हे औषध त्या गोळीबरोबर चालेल का?’ असं कुणी विचारलं की स्वतः उत्तर न देता फार्मासिस्टकडे पाठवणं. मला विचाराल तर हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा आहे. आधीच्या दुकानात काम केलेल्यांना तो सगळ्यात अवघड जातो, कारण उत्तर द्यायची सवय लागलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी, टाळता येण्यासारखी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची जागतिक मोहीम सुरू केली. तुमच्या दुकानातलं दोन तासांचं सत्र त्याच कामाचा एक भाग आहे. काही सत्रं तर कायद्यानेच आलेली असतात. अमेरिकेत सुडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं विकणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याचं ट्रेनिंग देणं २००५ च्या कायद्यानुसार दुकानावर बंधनकारक आहे. ज्या कामात रक्ताशी संपर्क येऊ शकतो, त्या कामावर लावतानाच आणि नंतर दरवर्षी तिथे वेगळं ट्रेनिंग द्यावं लागतं. असं सत्र बुडालं तर तुमची अडचण ती दुकानाचीही अडचण होते.

५. सत्र पूर्ण होईपर्यंत कामावर जाऊ का? गेलो तर काय करू शकतो?

जा, पण विचारून. कोणतं सत्र चुकलं त्यावर उत्तर ठरतं. आगीच्या वेळी बाहेर कसं पडायचं हे सत्र चुकलं असेल तर कुणीतरी पहिल्याच दिवशी बाहेर जायचे दरवाजे आणि अग्निशामक दाखवून देईल, बाकीचं नंतर होईल. औषध देण्याचं सत्र चुकलं असेल तर औषध तुमच्या हातून गिऱ्हाईकाच्या हातात जाता कामा नये.

तोवर करता येण्यासारखी कामं पुष्कळ असतात: साबण-टूथपेस्टसारख्या मालाचं शेल्फ लावणं, आलेला माल बिलाशी जुळवून पाहणं (फ्रीजचे खोके सोडून), साफसफाई, आणि अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून पाहणं. चिठ्ठीवरची औषधं काढणं, डोस सांगणं, कुलूपबंद कपाट उघडणं, फ्रीजमधला माल हलवणं, परत आलेलं औषध साठ्यात घेणं ही कामं मॅनेजरने स्पष्ट सांगेपर्यंत तुमची नाहीत. आणि दुसऱ्याच्या लॉगिनवरून बिल कधीच करू नका, ट्रेनिंग झालं असो वा नसो.

६. मैत्रिणीने हजेरीपटावर माझी सही करून टाकली. तिला अडचणीत न आणता हे कसं मिटवू?

हे तुम्हालाच आणि लगेच मिटवायला हवं. मॅनेजरना सांगा, ‘हजेरीपटावर माझ्या नावापुढे सही आहे, पण मी सत्राला नव्हतो. ती नोंद दुरुस्त करून मला पुढच्या सत्रात घ्या.’ सही कुणी केली हे विचारलं तर खरं सांगावं लागेल. आधी मैत्रिणीशी बोला आणि तिलाही स्वतःहून सांगायला लावा. दोघं मिळून गेलात तर उत्तमच.

ती मदत म्हणूनच करते, हे मी समजू शकतो. पण त्या सहीचा अर्थ ‘ही व्यक्ती हे काम सुरक्षितपणे करू शकते’ असा होतो. त्या भरवशावर तुम्हाला फ्रीजची किंवा कपाटाची जबाबदारी दिली जाते. तपासणीला आलेले अधिकारीही तेच कागद पाहतात. चुकलेलं सत्र ही गैरहजेरी असते. खोटी सही ही बनावट नोंद असते, आणि तिथे ‘नवीन होतो’ हे कारण चालत नाही.

७. ऑनलाइन भाग होता. व्हिडिओ चालू ठेवून मी दुसरं काम केलं आणि शेवटचे प्रश्न अंदाजाने सुटले. आता ‘पूर्ण’ दिसतंय. पुन्हा करावं लागेल का?

सिस्टीमच्या दृष्टीने नाही. तरी पुन्हा करा. बहुतेक ठिकाणी तो भाग परत उघडता येतो आणि कुणाची परवानगी लागत नाही. फक्त नियंत्रित औषधं (सवय लागू शकते म्हणून कडक नियमांखाली ठेवलेली), फ्रीज आणि रुग्णाची गोपनीयता हे तीन भाग पाहिलेत तरी फरक पडेल.

उलटंही होतं: सगळं नीट केलं आणि तरी ‘अपूर्ण’ दिसतं. शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि मॅनेजरना पाठवा.

८. सत्राला गेलेल्या मित्राच्या नोट्स वाचल्या तर चालेल का?

तयारी म्हणून उत्तम. सत्राऐवजी म्हणून नाही. ज्या गोष्टी हाताने करून दाखवायच्या असतात, उदाहरणार्थ सांडलेलं द्रव औषध कसं उचलायचं किंवा गोळ्यांना हात न लावता त्या ट्रेवर कशा मोजायच्या, त्या नोट्समध्ये उतरत नाहीत. शिवाय तुम्ही चुकता आहात हे सांगायला नोट्सजवळ कुणी नसतं.

९. मी आजारी होते. डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिलं की सत्र माफ होतं का?

गैरहजेरी माफ होते, सत्र नाही. प्रमाणपत्र द्या आणि पुढची तारीख मागा. ताप किंवा खोकला असताना ओढून-ताणून न गेलात हे बरंच केलंत. औषध दुकानात येणाऱ्यांत आधीच अशक्त असलेली माणसं असतात.

१०. मला ट्रेनिंगची तारीख कुणी सांगितलीच नव्हती. तरी दोष माझाच का?

नाही. पण भांडायच्या आधी तपासा. नेमणूक पत्र, ईमेलचा स्पॅमचा कप्पा, कामाच्या ग्रुपवरचे जुने मेसेज आणि रोस्टर पाहा. नव्या नोकरीत या चारपैकी कुठेतरी ती तारीख पडलेली असते. सापडली तर प्रश्न २ मधला मेसेज पाठवा.

नाहीच सापडली, तर शांतपणे लिहा: ‘मला या सत्राची सूचना मिळाली नव्हती. माझा ईमेल आणि फोन नंबर नोंदीत बरोबर आहे का, कृपया पाहावं.’ नव्या माणसाचा नंबर एका आकड्याने चुकलेला असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एकदा दुरुस्त झाला की पुढचं रोस्टरही वेळेवर येईल.

११. अर्धा तास उशिरा पोचलो, आत घेतलं नाही. हे गैरहजर धरणार का?

बहुतेक ठिकाणी हो. सुरुवातीच्या अर्ध्या तासात बहुधा सुरक्षिततेचा भाग असतो, त्यामुळे अर्धवट बसलेल्यांना पूर्ण हजेरी देता येत नाही. तुम्ही आला होतात हे शिकवणाऱ्यांना भेटून सांगा आणि तसंच मॅनेजरना कळवा. मधूनच उठून जावं लागलेल्यांनाही हेच लागू.

१२. ट्रेनिंगच्याच दिवशी माझी परीक्षा आहे. आधीच सांगू की ऐन वेळी?

आधीच, तारीख कळल्या क्षणी. ‘येऊ शकणार नाही’ एवढंच न सांगता ‘या तारखा मला जमतात’ असं सांगा. घरी तान्हं बाळ असेल, दुसरी नोकरी असेल, त्या दिवशी सण असेल, तरी हेच. आधी सांगितलेल्याला बहुधा ‘चुकलं’ म्हणतही नाहीत. तारीख बदलली एवढंच होतं.

१३. ट्रेनिंगच्या वेळेचा पगार मिळतो का? राहिलेलं सत्र सुट्टीच्या दिवशी ठेवलं तर?

सक्तीचं ट्रेनिंग म्हणजे काम, असं अनेक देशांचे कायदे मानतात. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार कायद्याने किंवा सामूहिक करारानुसार (कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या) देणं भाग असलेलं ट्रेनिंग कर्मचाऱ्याला मोफत मिळायला हवं आणि तो वेळ कामाचा धरायला हवा. अमेरिकेच्या नियमांत ट्रेनिंगचा वेळ कामात न धरण्यासाठी चार अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: ते कामाच्या वेळेबाहेर हवं, ऐच्छिक हवं, नोकरीशी थेट संबंध नसलेलं हवं आणि त्या वेळात दुसरं काम केलेलं नसावं. सक्तीचं सत्र दुसऱ्याच अटीला अडकतं.

तुमच्याकडचा नियम नेमणूक पत्रात आणि स्थानिक कामगार कायद्यात पाहा. सत्र तुमच्यामुळे चुकलं म्हणून भरपाईच्या सत्राचे पैसे आपोआप बुडत नाहीत. विचारायला संकोच करू नका, फक्त चुकलं हे कळवण्याच्या त्याच मेसेजमध्ये विचारू नका.

१४. मॅनेजर म्हणतात, ‘ट्रेनिंग होईल नंतर, आज माणूस नाही, उभा राहा काउंटरवर.’ मी काय करू?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. नवीन माणूस, समोर साहेब, बाहेर रांग. नाही म्हणणं जवळजवळ अशक्य वाटतं.

सरळ ‘नाही’ म्हणायची गरज नसते. ‘मी बिलिंग करतो, पण प्रत्येक औषध देण्याआधी फार्मासिस्टना दाखवीन, चालेल ना?’ असं म्हणा. म्हणजे काम थांबत नाही आणि औषध तपासल्याशिवाय जात नाही. दुकानात फार्मासिस्ट हजर असतील तर त्यांना ऐकू जाईल असं विचारा. औषध देण्याच्या बाबतीत अंतिम जबाबदारी त्यांची असते आणि ते बहुधा तुमची बाजू घेतील.

फार्मासिस्टच नसतील तर मात्र थांबा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कुणी द्यायचं नाही, असे कायदे बहुतेक देशांत आहेत. भारतात १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ हेच सांगतं. इथे तुमचं ट्रेनिंग झालेलं असतं तरी उत्तर बदललं नसतं. ‘फार्मासिस्ट आल्यावर देतो’ एवढं गिऱ्हाईकाला नम्रपणे सांगा. दिवसाच्या शेवटी काय घडलं ते मॅनेजरना लेखी कळवा, तक्रारीचा सूर न लावता. असं वारंवार होत असेल तर एचआरकडे किंवा मालकाकडे जा.

तक्रार केली म्हणून काही ठिकाणी तुमच्यावर राग काढला जाईल, हे मी नाकारत नाही. तरीही न शिकलेल्या हाताने औषध द्यायला लावणाऱ्या दुकानात टिकून राहण्यापेक्षा दुसरं दुकान शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१५. दुसऱ्यांदा चुकलं. या वेळीही फोन करू?

हो, आणि या वेळी भेटायची वेळ मागा. दोनदा चुकण्यामागे बहुधा एकच अडचण असते: येण्या-जाण्याची सोय नाही, शिफ्ट रात्री उशिरा संपते, किंवा घरी पाहणारं कुणी नाही. ती अडचण काय आहे ते उघड सांगा आणि उपाय सुचवा, उदाहरणार्थ दुसऱ्या शाखेतलं सत्र किंवा दुपारची बॅच. लेखी ताकीद मिळाली तर वाचून सही करा. सही म्हणजे ‘मिळाली’ एवढंच आहे की ‘मान्य आहे’ असंही त्यात लिहिलंय, ते मात्र नीट पाहा.

१६. मी स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. मलाही हे लागू आहे?

लागू आहे. पदवीने औषधं शिकवली. या दुकानाची संगणक प्रणाली, चावी कुणाकडे असते, चूक झाली तर कुठल्या फॉर्मवर लिहायची, हे पदवीत नव्हतं. शिवाय नवीन मुलं तुमच्याकडे पाहून शिकतात.

१७. सत्र चुकलं होतं आणि त्यात शिकवणार होते तेच काम मी चुकीचं करून बसलो. इन्सुलिनचा खोका रात्रभर बाहेर राहिला. कुणाला अजून माहीत नाही.

तो खोका परत फ्रीजमध्ये ठेवून गप्प बसू नका, आणि घाबरून फेकूनही देऊ नका. एका पिशवीत वेगळा ठेवा, त्यावर ‘विकू नये’ असं ठळक लिहा, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बाहेर होता ते लिहा. नक्की वेळ माहीत नसेल तर तसंही लिहा. ती पिशवी कुठे ठेवायची ते फार्मासिस्टना विचारून ठरवा आणि त्यांना आत्ता सांगा. माल वापरण्याजोगा आहे की नाही हे औषधाच्या कंपनीकडच्या माहितीवरून ठरतं, बाटलीकडे बघून ठरत नाही.

त्यातलं एखादं आधीच विकलं गेलं असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. कारण मग बिलावरून गिऱ्हाईक शोधून त्यांना फोन करायचा असतो, आणि तो फोन ते पुढचं इंजेक्शन घेण्याआधी जायला हवा. चुकीचं औषध किंवा चुकीचा डोस गेला असेल तरी क्रम हाच: आधी रुग्ण, मग नोंद, मग तुमचं बुडालेलं सत्र. सत्राचा विषय तुम्हीच काढा, कारण घटनेच्या फॉर्मवर ‘संबंधित ट्रेनिंग झालं होतं का?’ असा रकाना बहुधा असतो आणि तिथे ‘नाही’ असं लिहावं लागेल.